चला, परळचा राजवाडा पाहायला!



शाळेची सहल ठरली की पहिला प्रश्न येतो, "कुठे जायचे?" दुसरा येतो, "डबा न्यायचा की तिथेच जेवायचे?" तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, "तिथे जाऊन नेमके पाहायचे काय?"

या तिसऱ्या प्रश्नाने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. काही वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजची मुले घेऊन एका जुन्या संस्थानचा राजवाडा पाहायला गेलो होतो. रात्रभर बसने प्रवास झाला. वाटाड्याने सिंहासन दाखवले, तलवारी दाखवल्या, भलेमोठे झुंबर दाखवले. परतीच्या वाटेवर मी एका मुलाला विचारले, "काय रे, काय पाहिलेस?" तो म्हणाला, "सर, झुंबर खूप मोठे होते." "किती मोठे?" तो गप्प बसला. खरे सांगायचे तर तो आकडा मलाही सांगता आला नसता! आम्ही प्रश्न न घेता गेलो होतो आणि म्हणून उत्तर न घेता परतलो.

तेव्हा या वेळी आपण सहलीचा बेत आधी कागदावर आखू. राजवाडाही असा निवडू की गिरगाव, दादर किंवा लालबागहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी याल. हा राजवाडा आहे परळला!

तुम्ही म्हणाल, "परळला कुठला आला राजवाडा? तिथे तर गिरण्या होत्या, चाळी आहेत, इस्पितळे आहेत." परंतु के. ई. एम. रुग्णालय ज्या आचार्य दोंदे मार्गावर आहे, त्याच रस्त्यावर हाफकिन संस्थेचे आवार आहे. त्या आवारातील जुनी मुख्य इमारत हाच आपला राजवाडा. मुंबईचे इंग्रज गव्हर्नर एकेकाळी येथे राहत. त्या राजवाड्याची पुढे प्रयोगशाळा झाली. ती का झाली आणि तेथे काय घडले, हे समजून घेण्यासाठी आपल्याला जायचे आहे.

आधी पत्र, मग पाऊल

ही इमारत म्हणजे तिकीट काढून शिरण्याची जागा नाही. तेथे आजही संशोधन आणि तपासणीचे काम चालते. म्हणून शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीने संस्थेला आधी पत्र लिहावे. किती विद्यार्थी येणार, कोणत्या इयत्तेचे, कोणता दिवस सोयीचा, हे त्यात असावे. संस्थेचे संग्रहालय आणि जुनी इमारत यांतील कोणता भाग पाहता येईल, तेही पत्रातच विचारावे. होकार आल्यावरच दिवस नक्की करावा. परळ किंवा प्रभादेवी स्टेशनवर उतरून के. ई. एम. रुग्णालयाची वाट विचारलीत की कोणीही सांगेल.

पत्राचे उत्तर येईपर्यंतचे दिवस वाया घालवू नका. तेवढ्या अवधीत वहीत चार प्रश्न लिहून काढा. चारही प्रश्न याच राजवाड्याच्या गोष्टीतून निघालेले आहेत.

पहिला प्रश्न : गव्हर्नर हा राजवाडा सोडून का गेले?

पोर्तुगीजांच्या काळात या जागी पाद्र्यांचा मठ आणि प्रार्थनामंदिर होते. १७१९ साली ईस्ट इंडिया कंपनीने ही वास्तू ताब्यात घेतली आणि गव्हर्नरांचे शहराबाहेरील घर म्हणून ती वापरात आली. होय, शहराबाहेरील! त्या काळी मुंबई म्हणजे कोटाच्या भिंतीआतील वस्ती. परळ हे झाडीत वसलेले गाव होते. विल्यम हॉर्नबी हे गव्हर्नर १७७१ मध्ये येथे राहायला आले. पुढे प्रार्थनामंदिराच्या जागी मेजवानीचे दालन आणि नृत्याचे दालन झाले. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईत आले, तेव्हा त्यांचा मुक्कामही येथेच होता.

आणि मग १८८२ साल उजाडले. सर जेम्स फर्ग्युसन हे त्या वेळी गव्हर्नर होते. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज यांच्याच नावाचे. त्यांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन यांचा या राजवाड्यात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, मृत्यू झाला. पहारेकरी होते, नोकरचाकर होते, डॉक्टर होते. पण रोगाला दारावर अडवता आले नाही. त्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलच्या टोकाला समुद्राकाठी हलले. राज्यपालांचे निवासस्थान आजही तेथेच आहे.

आता साल पुन्हा पाहा : १८८२. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त आणि कलकत्ता येथील रुग्णांत शोधून जगापुढे मांडला तो १८८३-८४ मध्ये. म्हणजे गव्हर्नरांच्या घरात शिरलेला शत्रू कोण, याचा उलगडा होण्याआधीच त्यांना घर सोडावे लागले. पैसा आणि सत्ता असली तरी ज्ञान नसेल तर माणूस किती हतबल होतो, ते या एका घटनेवरून कळते.

वहीत लिहा : कॉलरा कशातून पसरतो? १८८० च्या सुमारास परळला पाणी कोठून येत असेल?

दुसरा प्रश्न : लस उपयोगी पडते, हे कसे ठरवायचे?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांना काही रुग्णांत गाठीच्या प्लेगची लक्षणे दिसली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख २१ हजार होती. त्यांपैकी लाखो लोक जिवाच्या भीतीने शहर सोडून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनात. आमच्या लालबागच्या चाळीत माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेले सांगायची, "उंदीर पडला की माणसं घर सोडायची." हे तिचे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे. प्लेग पुढे पुण्यातही पोहोचला. तेथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईत आले. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्यावरील लस तयार केली होती आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली मिळाली. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या बळावर त्यांनी प्लेगच्या लसीचे काम सुरू केले.

त्यांची रीत मोठी मजेदार होती. मांसाच्या पातळ सारात ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि त्यावर तुपाचे थेंब सोडीत! तुपाची घनता पाण्याहून कमी, म्हणून थेंब वर तरंगत. त्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबू लागत. भांडे हलवले की पारंब्या तुटून तळाशी बसत आणि वर नव्या वाढू लागत. अशी भरपूर वाढ झाली की ते सार सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवीत. जंतू मरत, पण त्या मेलेल्या जंतूंची ओळख शरीराला पटे आणि खरा जंतू आला तर शरीर आधीच सावध असे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. एवढ्याने लस अपायकारक नाही असा अंदाज बांधता येतो. पण ती प्लेग अडवते हे काही सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायचे तर तुलना हवी. ती संधी त्याच महिन्यात आली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. लस घ्यायला तयार झालेल्या सुमारे दीडशे कैद्यांना ती टोचण्यात आली आणि सुमारे पावणेदोनशे कैदी तसेच राहिले. सगळ्यांचे अन्न तेच, पाणी तेच, कोठड्या त्याच. त्यानंतर न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ जणांना झाला आणि कोणीही दगावले नाही.

येथे थांबा आणि एक गणित करा. १२ आणि २ यांची सरळ तुलना करू नका, कारण दोन्ही गट सारख्या आकाराचे नाहीत. दर शंभरी काढा. न टोचलेल्यांत साधारण ७, टोचलेल्यांत साधारण सव्वा. म्हणजे रोगाचे प्रमाण सुमारे पाच पटींनी कमी! लस न घेतलेला गट नसता, तर "दोघे आजारी पडले" एवढेच कळले असते. दोन ही संख्या कमी की जास्त, ते सांगता आले नसते.

मित्रांनो, एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. तुरुंगातील माणूस "हो" म्हणतो, तेव्हा तो कितपत मोकळ्या मनाने म्हणतो? आज असे प्रयोग करताना प्रत्येकाला सर्व माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते आणि प्रयोगाची छाननी आधी एक समिती करते. हा नियम का आवश्यक आहे, यावर वर्गात चर्चा करा.

लसीची मागणी वाढली, एक खोली पुरेना. इकडे परळच्या जुन्या राजवाड्यात प्लेगच्या रुग्णांचे इस्पितळ झाले होते. अखेर ती वास्तू हाफकिन यांना मिळाली आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथे प्लेग प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. एका गव्हर्नराने रोगामुळे सोडलेले घर दुसऱ्या गव्हर्नराने रोगाशी लढण्यासाठी उघडून दिले!

तिसरा प्रश्न : पिसू किती उंच उडते?

आता माझ्या आवडीचा, पदार्थविज्ञानाचा प्रश्न. लस तर तयार झाली, पण प्लेग एकाकडून दुसऱ्याकडे जातो कसा? कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे जमिनीतून, कोणी म्हणे धान्यातून. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी सांगितले की मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग पसरवते. बऱ्याच जणांनी ते मनावर घेतले नाही. मुंबईत डॉ. लिस्टन यांनी मात्र हा विचार सोडला नाही. राणीच्या बागेतील गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्या.

१९०५ साली नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाचा निकाल लावला. त्यांचा एक प्रयोग इतका साधा आहे की तुम्हालाही सुचला असता. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. काही जमिनीपासून २ इंचांवर, म्हणजे ५ सें. मी.; काही २ फुटांवर, म्हणजे ६० सें. मी. खालच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला. वरच्यांना झाला नाही.

विचार करा. हवा दोन्ही पिंजऱ्यांना तीच होती. हवेतून रोग पसरला असता, तर वरचे प्राणी सुटले नसते. फरक होता तो फक्त उंचीचा. उंदराची पिसू साधारण १० सें. मी. उंच उडते. ५ सें. मी. तिच्या आवाक्यात, ६० सें. मी. आवाक्याबाहेर! दुसऱ्या प्रयोगात पिसवा काढून टाकून रोगी आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले, तर रोग पसरला नाही. आजीचे वाक्य आठवते ना? उंदीर मेला की त्याच्या अंगावरील उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. लोकांना कारण ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते.

आता वहीत हे सोडवा. हवेचा विरोध सोडून दिला, तर h उंची गाठण्यासाठी लागणारा वेग v असा निघतो : v² = २gh. येथे h = ०.१ मीटर आणि g = ९.८ घेतले, तर v = १.४ मीटर दर सेकंदाला. ६० सें. मी. उंचीसाठी तोच वेग सुमारे ३.४ हवा. वेग जवळजवळ अडीचपट, पण ऊर्जा सहापट! इवल्याशा पिसवेने ती आणायची कोठून? तिच्यासारख्या हलक्या शरीराला हवेचा अडथळाही वजनाच्या मानाने मोठा असतो. म्हणून प्रत्यक्षात तिला याहूनही अधिक जोर लागतो.

चौथा प्रश्न : चूक कोणाची, हे कसे शोधायचे?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना परळहून आलेली लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. केवढा हा अनर्थ! ठपका आला हाफकिन यांच्यावर. त्यांनी लस बनविण्याच्या रीतीत बदल करून कार्बॉलिक आम्ल वापरणे बंद केले होते. त्यांना कामावरून दूर व्हावे लागले.

पण नोंदवही बोलत होती. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या. दगावलेले सगळेच्या सगळे १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. मग त्या एका बाटलीत वेगळे काय घडले? चौकशीत दिसून आले की तिचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीत न तापवता नुसता औषधी पाण्यातून काढून वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्ही शिकला आहातच. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरील ठपका दूर झाला. पण पाच वर्षे गेली ती गेलीच. १९२५ साली या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले.

कोणत्या बाटलीतून कोणाला टोचले, हे त्या दिवशी कोणी लिहून ठेवले नसते तर? प्रयोगवहीत "निरीक्षणे" लिहायचा तुम्हाला कंटाळा येतो, तेव्हा मलकोवालची ही बाटली आठवा.

पिशवीत काय घ्यायचे?

महागडे काही नको. दोन तापमापक, एक कोनमापक, शीतपेयाची नळी, दोरा, छोटा दगड, मोजपट्टी, वही आणि पेन्सिल पुरे.

आदल्या दिवशी दोन्ही तापमापक एकाच पाण्याच्या पेल्यात पाच मिनिटे ठेवून वाचा. आकड्यांत फरक असेल, तर तो लिहून ठेवा. नाहीतर दुसऱ्या दिवशी उपकरणातील फरकाला तुम्ही हवेतील फरक समजाल! राजवाड्यात गेल्यावर एक तापमापक बाहेर सावलीत आणि दुसरा आतील दालनात ठेवा. उन्हात ठेवू नका; उन्हात तापमापक स्वतःच तापतो आणि हवेचे तापमान सांगत नाही. जुन्या इमारतींच्या जाड भिंती सावकाश तापतात आणि सावकाश निवतात. तुम्हाला सकाळी किती अंशांचा फरक मिळतो?

कोनमापकाच्या सरळ कडेला नळी चिकटवा आणि मध्यबिंदूतून दगड बांधलेला दोरा ओळंब्यासारखा सोडा. नळीतून इमारतीचा माथा पाहा आणि दोऱ्यावरून चढाचा कोन काढा. समजा, तुम्ही २० मीटर दूर आहात आणि कोन ३० अंश आला. tan ३०° = ०.५७७, म्हणून २० ला त्याने गुणून ११.५ मीटर. त्यात तुमच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची, समजा १.४ मीटर, मिळवा. झाली १२.९ मीटर. दोघांनी दोन वेगवेगळ्या अंतरांवरून मोजा आणि उत्तरे जुळतात का पाहा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गाचे चार गट करून प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून द्यावा. कोणत्याही दालनात परवानगीशिवाय हात लावायचा नाही आणि काम करणाऱ्यांना अडथळा करायचा नाही, हेही निघण्यापूर्वीच सांगावे.

परतताना रस्त्यावर जरा नजर टाका. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार मंडळ स्थापन झाले. त्याने हवा-उजेड येईल असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली आणि परळसारख्या भागांत बी. आय. टी. चाळी बांधल्या. तुमच्यापैकी कोणी कदाचित त्याच वस्तीत राहत असेल.

घरी पोहोचलात की आई विचारील, "काय रे, काय पाहिलेस?" तेव्हा "खूप मोठा राजवाडा" एवढ्यावर भागवू नका. वही उघडा. किती मीटर उंच, आतबाहेर किती अंशांचा फरक, दर शंभरी किती वाचले आणि त्या एका बाटलीत वेगळे काय घडले, ते सांगा. आमच्या झुंबराची उंची मात्र अजून मोजायची राहिली आहे!